छंद की धंदा?

यंदाच्या स्नेहसंमेलनात आपल्या महाविद्यालयात छंद-प्रदर्शन भरले होते. नाणी, टपालतिकिटे, रांगोळ्या आणि छायाचित्रे यांच्या शेजारी एका टेबलावर माझीही एक पिशवी होती. अंग जाड खाकी कॅनव्हासचे. तळ, बंद आणि झाकणाचा पट्टा चामड्याचा. शिवण सगळी हाताची. जवळच्या चिठ्ठीवर मी लिहिले होते, 'छंद : चामडे व कॅनव्हासच्या पिशव्या शिवणे.' पुष्कळांनी ती उलटसुलट करून पाहिली. एका मैत्रिणीने विचारले, "अगं, हे शिकलीस कुठं? मोबाइलवर बघून का?" मी म्हणाले, "हो."

हे 'हो' अगदीच खोटे नव्हते, आणि त्यामुळेच ते मला अधिक सलते. एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवून शिवण्याची तऱ्हा मी खरोखरच मोबाइलवर पाहिली होती. परंतु आरी हातात कशी धरायची, रापी कोणत्या अंगाने ओढायची, हे मला माझ्या आईने शिकविले. आमचे घर चर्मकाराचे, कोल्हापूर जिल्ह्यातले. आबा कोल्हापुरी चपला करतात. तळ कापणे, ठोकणे त्यांच्याकडे. शिवण आणि वेणी आईकडे. पोटाकडचे कातडे ताणते, पाठीकडचे घट्ट राहते, म्हणून पिशवीचा बंद पाठीच्या कातड्यातूनच काढायचा, हे मला कुठल्या पुस्तकाने सांगितले नाही. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याचा वास तर मी शाळेत जायच्या आधीपासून ओळखते. मग मी 'आईकडून' असे का म्हणाले नाही?

उत्तर सोपे आहे. 'मोबाइलवर शिकले' म्हटले की तो छंद होतो. 'आईकडून शिकले' म्हटले की पुढचा प्रश्न येतो, 'तुझी आई काय करते?' आणि त्याच्या उत्तरात जात येते.

आपली भाषाच पाहा ना! नसत्या उठाठेवीला आपण 'चांभारचौकशा' म्हणतो. वर्गात कोणी हा शब्द सहज बोलून गेले की मी वहीत डोके घालते. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते, हे मला ठाऊक आहे. परंतु टाच कुठे झिजते, अंगठा कुठे चावतो, उभे राहताना भार कोणत्या पायावर पडतो, हे आबा गिऱ्हाइकाला विचारतात तेव्हा ती चौकशी नसती नसते. त्या चौकशीवाचून चप्पल पायाला बसत नाही.

मी पिशव्या का शिवते, हेही सांगायला हवे. मला त्यात आनंद होतो. कडेपासून सारख्या अंतरावर खुणा करायच्या, आरीने भोके पाडायची, शिवणीच्या साधारण चौपट दोरा घेऊन त्याला मेण चोळायचे, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून न्यायच्या. यंत्राच्या शिवणीत वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात. एक तुटला की टाके उसवत जातात. हाताच्या या शिवणीत एका बाजूचा दोरा झिजून तुटला तरी दुसऱ्या बाजूचा टाका धरून ठेवतो. कॅनव्हासची कड सुटते, म्हणून ती दुमडून घ्यावी लागते. चामड्याची कड सुटत नाही. पण त्यात चुकीच्या जागी पाडलेले भोक कायमचे राहते. पहिल्या पिशवीत मी अशी तीन भोके पाडली, तेव्हा आई म्हणाली होती, "कापड चूक पोटात घेतंय बाई, कातडं न्हाई घेत."

आता मुद्द्यावर येते. छंद आणि धंदा यांत फरक कोणता? माझ्या आणि आईच्या हातातली आरी एकच, कातडे एकाच गठ्ठ्यातले. फरक एवढाच की परीक्षा आली की मी पिशवी खुंटीला टांगून ठेवू शकते. आईला तसे करता येत नाही. ज्याला हवे तेव्हा थांबता येते त्याचा तो छंद! प्रदर्शनानंतर एका मुलीने माझी पिशवी विकत मागितली, तेव्हा मी लगेच हिशेब मांडला : चामडे इतक्याचे, कॅनव्हास इतक्याचे, आणि माझ्या चार संध्याकाळी. रात्री अंथरुणावर पडल्यावर मनात आले, आईच्या संध्याकाळी कोणी मोजल्या? आमच्या घरी चपलेच्या किमतीत आबांची मजुरी धरतात. आईची धरायची असते, हे कोणाच्या ध्यानीही नाही. माझ्यासुद्धा नव्हते.

2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आले. पुढे जून 2025 मध्ये इटलीतील मिलान शहरात प्राडा या कंपनीने आपल्या फॅशन-प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपला दाखविल्या, आणि त्यांचे मूळ कोठले ते सांगितले नाही. इकडे गदारोळ उठला, तेव्हा कंपनीने भारतीय कारागिरीपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. त्या वेळी मीही संतापले होते. परंतु आज विचारते, मिलानमध्ये जे घडले, त्याहून मी आपल्या प्रदर्शनात वेगळे काय केले? वस्तू मांडली आणि जिच्याकडून घेतली तिचे नाव गाळले. त्यांनी परक्यांचे गाळले, मी तर आईचे!

कोणी म्हणेल, श्रमाला प्रतिष्ठा देणारी मोठी माणसे होऊन गेली आहेत. खरे आहे. बॅरिस्टर गांधी दक्षिण आफ्रिकेत चपला करायला शिकले, आणि आपल्याला तुरुंगात टाकणाऱ्या जनरल स्मट्सना त्यांनी स्वतः केलेला जोड भेट दिला. दुसरीकडे विल्यम कॅरी हा इंग्लंडमधला जोडे शिवणारा कारागीर. त्याने मराठीचे व्याकरण 1805 साली श्रीरामपूरला छापले आणि 1810 साली मराठी कोश काढला. मराठीच्या वर्गात बसणाऱ्या माझ्यासारखीला या गोष्टीने केवढा धीर येतो! तथापि या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे. गांधींनी आरी स्वतःहून उचलली, कॅरीला ती खाली ठेवता आली. आपल्याकडे शतकानुशतके उचलायचे की ठेवायचे, हे जन्मानेच ठरत आले.

म्हणूनच आबांचे म्हणणे मला तोडता येत नाही. मी सुट्टीत पिशवी शिवायला बसले की ते म्हणतात, "पोरी, ही आरी सुटावी म्हणून तुला कॉलेजात घातली." आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. आबांचा राग मला समजतो. परंतु मला वाटते, सुटायला हवी ती सक्ती आणि तिच्याबरोबर येणारा अपमान. हातातले कसब का सोडायचे? ते सोडून मी शिकले, तर माझे शिक्षण त्या अपमानालाच दुजोरा देईल.

माझ्या प्राध्यापकांना आणि सहाध्यायांना दोन विनंत्या कराव्याशा वाटतात. पुढील वर्षी छंद-प्रदर्शनाच्या चिठ्ठीवर 'कोणाकडून शिकलो' अशी एक ओळ असावी. दुसरी अशी की, हाताचे काम शिकविण्यासाठी एखाद्या कारागिराला बोलवावे, आणि व्याख्यात्याला देतो तसे मानधन व तशीच खुर्ची त्याला द्यावी. हौसेने चामडे शिवणाऱ्यांवर माझा मुळीच राग नाही. अधिक हात या कामाला लागले तर ते हवेच आहे. फक्त त्या कामामागची माणसे पुसली जाऊ नयेत.

परवा मी त्या मैत्रिणीला गाठून खरे काय ते सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मग तुझी आई मला शिकवेल का?" रविवारी घरी गेल्यावर मी आईला विचारले. वेणीवरची नजर न काढता ती म्हणाली, "येऊ दे की. पण आदी आरी धरायला शिकंल, मग सुई."

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला