आय सेव्हनचा स्टिकर आणि पोकळ डबा

आजचा लेख थोडा रागात लिहितोय. विषय लहान वाटेल, पण त्यात आपल्या घरचे कष्टाचे पैसे अडकलेत.

बेताच्या बजेटमध्ये पहिला गेमिंग कॉम्प्युटर घ्यायला निघालेल्या पोराच्या हातात दुकानातून एक चिठ्ठी येते. आय सेव्हन प्रोसेसर, सोळा जीबी रॅम, चार जीबी ग्राफिक्स कार्ड, साडेचारशे वॅटचा एसएमपीएस आणि रंगीत दिव्यांचं काचेचं कॅबिनेट. खाली एकच आकडा आणि शेजारी ‘ऑफर’. माझं म्हणणं सरळ आहे. ही चिठ्ठी फाडा आणि प्रत्येक पार्टचं पूर्ण नाव, मॉडेल नंबर आणि वेगळी किंमत मागा. दुकानदार देत नसेल तर पुढचं दुकान गाठा.

सध्या पोस्टिंग तंजावर जिल्ह्यात आहे. खोली कुंभकोणमजवळच्या मरुदानल्लूर गावात. गाव छोटं, चारी बाजूंनी भातशेती. इथले सद्गुरू स्वामी म्हणजे दक्षिणेतल्या भजन परंपरेला पद्धत घालून देणारे संत. त्या परंपरेत जयदेवांच्या अष्टपदींबरोबर आपले मराठी अभंगही गायले जातात. तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं तेव्हाचा हा ठेवा. त्याच्यावर पुढे कधीतरी सविस्तर लिहीन. आज सांगायचं ते वेगळं. मागच्या महिन्यात घरमालकांच्या बारावी झालेल्या मुलाने अशीच एक चिठ्ठी आणून दाखवली. त्याच आठवड्यात साताऱ्याहून भाच्याने व्हॉट्सॲपवर दुसरी चिठ्ठी पाठवली. “मामा, बघून सांग.” दोन्ही जवळजवळ सारख्याच. दोन गावांमध्ये हजारभर किलोमीटरचं अंतर, भाषा वेगळी, आणि गंडवायची तऱ्हा एकच! म्हणून हे चव्हाट्यावर लिहितोय.

आधी आय सेव्हनचा मुद्दा. हे नाव म्हणजे हुद्दा आहे, भरतीचं साल त्यात कळत नाही. चिठ्ठीतला आय सेव्हन नेमका कोणता, हे विचारलं तर उत्तर येतं आय सेव्हन २६००. हा प्रोसेसर २०११ सालचा. त्यात चार कोर आणि आठ थ्रेड. आता २०२२ साली आलेला आय थ्री १२१००एफ बघा. त्यातही चार कोर आणि आठ थ्रेड, पण मध्ये दहा पिढ्या गेल्यात आणि प्रत्येक कोर कितीतरी जास्त काम करतो. म्हणजे नावाने धाकटा असलेला आय थ्री थोरल्याला सहज मागे टाकतो. एवढ्यावर भागत नाही. विंडोज ११ अधिकृतपणे साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं, आणि विंडोज १० चा मोफत आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. व्हॅलोरंटसारखा गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट असल्याशिवाय सुरूच होत नाही. काही नव्या गेमना एव्हीएक्स२ नावाची क्षमता लागते, ती या जुन्या प्रोसेसरमध्ये नाही. पोरगा आई-वडिलांचे पैसे घालून मशीन आणणार आणि पहिल्याच संध्याकाळी स्क्रीनवर नकार वाचणार.

दुसरा मुद्दा ‘चार जीबी ग्राफिक्स’. यात जीबी म्हणजे गोदामाचा आकार. गोदामातून माल किती वेगाने बाहेर पडतो ते त्यावरून कळत नाही. जीटी ७३० हे २०१४ चं कार्ड आहे. त्याच्या डीडीआर३ आणि ६४ बिटवाल्या प्रकारात मेमरीचा वेग सेकंदाला साधारण १४ जीबी. २०१९ च्या जीटीएक्स १६५० मध्येही मेमरी चारच जीबी, पण सुरुवातीच्या जीडीडीआर५ प्रकारात वेग १२८ जीबी. २०२१ च्या आरएक्स ६६०० मध्ये आठ जीबी आणि वेग २२४. चिठ्ठीवर पहिली दोन्ही कार्डं ‘चार जीबी’च दिसतात. म्हणून कार्डाचं पूर्ण नाव लिहून घ्या. जीटी ७३० हे स्क्रीनवर चित्र दाखवण्यापुरतं ठीक आहे, त्याला गेमिंग कार्ड म्हणणं ही लबाडी आहे.

तिसऱ्या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त राग आहे. तो म्हणजे एसएमपीएस, सगळ्या मशीनला वीज पुरवणारा डबा. चिठ्ठीत तो कॅबिनेटबरोबर फुकट येतो. डब्यावर मोठ्या अक्षरात ४५० वॅट. आता डबा उलटा करा आणि बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. समजा तिथे १४ आहे. बारा गुणिले चौदा म्हणजे १६८ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः याच १२ व्होल्टवर चालतात. आरएक्स ६६०० ला १३२ वॅट लागतात, रायझेन ५ ५६०० ची नोंद ६५ वॅटची. दोघांचे मिळून १९७ झाले. पंखे आणि मदरबोर्ड अजून धरलेच नाहीत. म्हणजे वर ४५० लिहिलेला डबा २०० वॅटच्या कामाला पुरत नाही. प्रामाणिक ४५० वॅटच्या सप्लायमध्ये याच रकान्यात ३४ ते ३६ अँपिअर असतात. हा गुणाकार चौथीतलं पोरही करील. गिऱ्हाईक डबा उलटा करत नाही, यावरच हा धंदा चालतो.

‘८० प्लस’ची खूण बघून घ्यावी, पण ती वीज किती कमी वाया जाते एवढंच सांगते. जास्त व्होल्टेज, जास्त भार आणि शॉर्टसर्किट या तिन्हींपासून संरक्षण आहे का, हे वेगळं विचारा. हलका सप्लाय जळतो तेव्हा मदरबोर्ड आणि कार्डालाही घेऊन जाऊ शकतो. इथे कावेरीच्या खोऱ्यात ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस, विजांचा कडकडाट आणि मधूनच लाईट जाणं. आपल्याकडे जूनमध्ये तीच तऱ्हा. आधी वायरमनकडून घराचं अर्थिंग तपासून घ्या. गेमिंग मशीनला यूपीएस घेताना व्हीएच्या शेजारचे वॅट वाचा. ६०० व्हीएचे बरेच यूपीएस ३६० वॅटच देतात.

दिव्यांबद्दल फार लिहीत नाही. हौस असेल तर लावा. पण काचेने बंद केलेल्या तोंडाचं कॅबिनेट घेऊन इथल्या उकाड्यात आत हवा कुठून शिरणार? पुढे जाळी असलेलं, धुळीची गाळणी असलेलं साधं कॅबिनेट घ्या. परेडच्या बुटाला चकाकी लागते हे मान्य, पण वीस किलोमीटर चालताना जवान तळवा बघतो.

मग घ्यायचं काय? माझं प्रमाण असं. एकूण पैशांतला तिसरा हिस्सा ते चाळीस टक्के ग्राफिक्स कार्डावर. प्रोसेसर सहा कोरचा, म्हणजे रायझेन ५ ५६०० किंवा आय फाइव्ह १२४००एफ या तोलाचा. हात आखडता असेल तर आय थ्री १२१००एफ. रॅम सोळा जीबी, पण आठ-आठच्या दोन पट्ट्या, म्हणजे दोन वाटांनी माल जातो. मशीन सुरू झालं की बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम त्याहून कमी वेगाने मुकाट चालत राहते. हार्ड डिस्कऐवजी एनव्हीएमई एसएसडी. मॉनिटरचे पैसे आधीच बाजूला काढा. कार्ड सेकंदाला दीडशे चित्रं काढत असेल आणि मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल, तर दिसणार साठच.

आणि एवढे पैसे नसतील तर? तर चिठ्ठीवाला डबा नकोच, टप्प्याने जा. रायझेन ५ ५६००जी मध्ये ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतच आहे. तो, दोन पट्ट्या रॅम आणि चांगला सप्लाय, एवढ्यावर सुरुवात करा. व्हॅलोरंट, जीटीए फाइव्हसारखे गेम सेटिंग कमी ठेवून चालतात. वर्षभराने पैसे साठले की कार्ड घाला. सप्लाय आधीच दमदार असल्यामुळे बाकी काही बदलावं लागत नाही. इंटेलच्या नावामागे ‘एफ’ असेल तर मात्र आत ग्राफिक्स नसतं. कार्ड नाही तर पडद्यावर काहीच नाही, हे ध्यानात ठेवा.

इथून जवळच नाचियारकोविल आहे. तिथले पितळी समईसारखे दिवे प्रसिद्ध आहेत. तळ, दांडा, तेलाची वाटी आणि वरची प्रभा असे चार भाग वेगवेगळे ओतून ते आट्यांनी एकमेकांत बसवतात. वाटी गळकी निघाली तर वाटी बदलतात, दिवा मोडीत काढत नाहीत. असेंबल केलेल्या कॉम्प्युटरचा खरा फायदा हाच. पण त्यासाठी प्रत्येक भाग नाव-गाव असलेला पाहिजे.

कुणी म्हणेल, दुकानदारालाही पोट आहे. मान्य. गिऱ्हाईक आधी आकडा सांगतं आणि ‘यात बसवा’ म्हणतं, मग तोही बसवतो. जुना माल विकण्यातही पाप नाही. जुना म्हणून सांगा, साल लिहा, तशी किंमत लावा. वापरलेलं कार्ड मीही घ्यायला सांगतो, फक्त दुकानातच अर्धा तास जड गेम चालवून बघा आणि बिलावर सीरियल नंबर घ्या. चेन्नईची रिची स्ट्रीट असो, मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, पक्कं बिल मागायला लाजू नका. वॉरंटी प्रत्येक पार्टची वेगळी असते, आणि बिल नसेल तर भांडायला जागा राहत नाही.

आता आपल्या वयाच्या मंडळींसाठी. “गेम खेळायला एवढे पैसे कशाला?” हा प्रश्न मी दोन्ही घरांत ऐकला. घ्यायचा की नाही हे घरात बसून ठरवा, तो तुमचा हक्क. पण घ्यायचं ठरलं तर अर्धवट मनाने, ‘काहीतरी आणून दे’ म्हणून तो डबा आणू नका. ज्या मशीनवर चांगला गेम चालतो त्याच मशीनवर पोरगा व्हिडिओ एडिट करतो, ब्लेंडर शिकतो, कॅडचं ड्रॉइंग काढतो, कोड लिहितो. डबा आणलात तर गेमही नाही आणि कामही नाही. वर पोराला ऐकवणार, “बघ, वाया गेले पैसे.” निवृत्तीच्या पैशातून आणलेली वस्तू सहा महिन्यांत कोपऱ्यात पडली, की घरात पुढच्या प्रत्येक मागणीवर तीच ऐकवली जाते. पोरगं मागायचंच थांबतं. मला ते नुकसान रुपयांपेक्षा मोठं वाटतं.

बदलीवर असलेल्या भावांसाठी एक सूचना. सामान ट्रकमध्ये चढवण्याआधी ग्राफिक्स कार्ड आणि जड कूलर काढून मूळ खोक्यात ठेवा. हजार किलोमीटरच्या धक्क्यांनी स्लॉट तुटतो आणि ते वॉरंटीत बसत नाही. खोकी जपा, फेकू नका.

दोन्ही चिठ्ठ्यांवर मी एकच उत्तर दिलं. प्रोसेसरचा पूर्ण नंबर आणि साल, कार्डाचं पूर्ण नाव, आणि सप्लायच्या १२ व्होल्टखालचे अँपिअर, एवढे तीन रकाने दुकानदाराकडून भरून आणा, मग बोलू. तुमच्या घरात कुणी अशी चिठ्ठी घेऊन आलं, तर हेच तीन रकाने त्याच्या हातात द्या. भरून मिळाले नाहीत, तर खिशातलं पाकीट बाहेर काढू नका.

जय हिंद.