न ऐकू येणारं रडणं

फराळाआधी उंदरांचा विषय काढते, रागावू नका.

गेल्या महिन्यात आमच्या पोरिरुआच्या घरामागची शेड आवरताना जुन्या गोणपाटाखाली उंदराची पाच पिल्लं सापडली. गुलाबी, डोळे मिटलेली. आई पळालेली. धाकटीनं विचारलं, "आई, ही रडत का नाहीत?"

"अजून आवाज फुटला नसेल," मी शिक्षकी थाटात सांगून टाकलं. रात्री वाचत बसले तेव्हा कळलं, उत्तर साफ चुकलं होतं.

आपल्याला जेमतेम 20 किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. उंदरांची पिल्लं रडतात ती साधारण 40 किलोहर्ट्झच्या आसपास आणि त्याहून वर. झिपेलियस आणि श्लाइट या संशोधकांनी 1956 साली हे प्रथम नोंदवलं. घरट्याबाहेर पडून गारठलेलं पिल्लू हाक देतं आणि आई त्या रोखानं येऊन त्याला तोंडात धरून परत नेते. त्या पिल्लाचे स्वतःचे कानही अजून उघडलेले नसतात!

अभ्यासक पिल्लाला काही मिनिटं शांत पेटीत ठेवून खास मायक्रोफोननं आवाज टिपतात. तो दहापट सावकाश वाजवला की 60 किलोहर्ट्झची हाक 6 वर येते आणि आपल्याला शिट्टीसारखी ऐकू येते. मग आवाजाचा आलेख काढून गट पाडतात: चढती, उतरती, डोंगरासारखी, मध्येच उडी मारणारी. पूर्वी हे काम डोळ्यांनी चाले. 2019 साली आलेली 'डीपस्क्वीक' ही संगणकप्रणाली आता ते झटपट करते. पण आकार कळला म्हणून अर्थ कळतोच असं नाही.

सकाळी पाहिलं तर गोणपाटाखाली काही नव्हतं. आईनं पिल्लं हलवली असणार. इथल्या पक्ष्यांसाठी 2050 पर्यंत उंदीर हटवायचा न्यूझीलंडनं विडा उचललाय, त्यामुळे सापळा आम्हीही लावला. लावताना हात मात्र जड झाला.

शिकवत होते तेव्हा कितीतरी मुलांच्या प्रगतिपुस्तकात मी 'शांत आहे' असा शेरा लिहिला. आता धाकटीच्या इथल्या बाईही तिच्याबद्दल तेच सांगतात. पूर्वी मला ते कौतुक वाटायचं.

हल्ली संध्याकाळी पोळ्या लाटताना तिला ओट्यावर बसवते. काही विचारत नाही. तिसऱ्या-चौथ्या पोळीला ती आपणहून बोलू लागते.