पाण्यात विरघळते, म्हणूनच अडते

पूर्वपक्ष घरोघरी तयार असतो: क जीवनसत्त्व पाण्यात विरघळते, जास्त झाले तर लघवीवाटे निघून जाईल, मग हजार मिलिग्रॅमची गोळी घेतली तर बिघडले कुठे? करोनाच्या दिवसांत चघळायच्या गोळ्यांच्या पट्ट्यांवर लोक तुटून पडले ते याच भरवशावर. भरवशाला आधारही थोरामोठ्यांचा. दोनदा नोबेल मिळवलेल्या लायनस पॉलिंग यांनी १९७० साली सर्दीवर पुस्तक लिहून क जीवनसत्त्व ग्रॅमच्या मापात घ्यायला सांगितले होते.

विरघळण्याचा मुद्दा खरा, पण तो पूर्वपक्षावरच उलटतो. पेशीचे आवरण स्निग्ध असते; पाण्यात रमणाऱ्या आणि वर ऋणभार बाळगणाऱ्या क जीवनसत्त्वाला, म्हणजे अ‍ॅस्कॉर्बेटला ते सहजी आत घेत नाही. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना घट्ट बिलगलेल्या, त्यामुळे फटीतून शिरायचीही फारशी सोय नाही. ऑक्सिडीकरण झालेला थोडा अंश ग्लुकोजच्या दारातून जातो, पण मुख्य वाट ‘एसव्हीसीटी-१’ या वाहक प्रथिनाची. ते एका अ‍ॅस्कॉर्बेटसोबत सोडियमचे दोन आयन आत ओढते, आणि पेशीतले सोडियम कमी राखायला शरीर सतत ऊर्जा खर्चते. फुकटात काही होत नाही. ही दारे मोजकी असतात. ती भरली की बाहेर कितीही गर्दी करा, आत जाण्याचा वेग वाढत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या अभ्यासाने १९९६ साली हेच दाखवले. एकदम घेतलेले २०० मिलिग्रॅम जवळपास सगळे शोषले गेले. १२५० मधले जेमतेम निम्मे. राहिलेले आतड्यात पाणी ओढते आणि पोट बिघडवते. मूत्रपिंडातही हेच प्रथिन गाळलेले क जीवनसत्त्व परत उचलते. तेही भरले की जास्तीचे लघवीत. तेव्हा ‘निघून जाते’ हे खरेच, पण तुमच्या पैशांसकट. शिवाय काही अंशाचे ऑक्झलेट बनते. मुतखड्याची खोड असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे.

शिरेतून दिलेल्या मोठ्या डोसांचे दाखले गोळीसाठी देऊ नयेत. सुई आतड्याचे दार टाळते, गोळीला ते टाळता येत नाही. म्हणून गोळी थोतांड आहे, असेही मी म्हणणार नाही. स्कर्व्ही झालेल्याला ती औषधच आहे.

पुरवठ्यापेक्षा दार मोठे, याचा पुरावा उंदरांनी दिला. उंदीर आपले क जीवनसत्त्व यकृतात स्वतःच बनवतो. तरीही मेंदूत आणि वारेत काम करणाऱ्या ‘एसव्हीसीटी-२’ या दुसऱ्या वाहक प्रथिनाचे जनुक काढून टाकलेली पिल्ले जन्मताच मेली, त्यांच्या मेंदूत अ‍ॅस्कॉर्बेट सापडले नाही. हे २००२ सालचे.

तेव्हा घ्यायचेच तर थोडे थोडे, दिवसभरात विभागून, जेवणातून घ्या. आयसीएमआरच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम लागते. एका मध्यम पेरूत याहून जास्त असते.