समजून घ्या : दहीहंडीला परवानगी नव्हती, मग गल्लीतल्या बाळकृष्णांचे काय?

२०२१ मध्ये सोमवारी, ३० ऑगस्टला गोकुळाष्टमी आणि मंगळवारी गोपाळकाला होता. सलग दुसऱ्या वर्षी सार्वजनिक दहीहंडी होणार नव्हती. मोठ्या मंडळांचा प्रश्न त्याने मिटला. नगरच्या कॉलन्यांत, वाड्यांत आणि गावोगावच्या आळ्यांत मात्र दुसराच प्रश्न होता. पितांबर, मोरपीस आणि बासरी घेऊन सजलेल्या चिमुकल्यांनी त्या वर्षी जायचे कुठे? सगळ्यांना एका हंडीखाली जमवायचे, की दार लावून घरात बसवायचे? या दोन्हींच्या मधला एक मार्ग आहे. त्यासाठी थोडे नियोजन लागते.

सरकारचा निर्णय काय?

तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी २३ ऑगस्ट २०२१ रोजी गोविंदा पथकांशी ऑनलाइन बैठक घेतली आणि त्या वर्षीही दहीहंडीला परवानगी देता येणार नसल्याचे स्पष्ट केले. १५ ऑगस्टपासून राज्यातील बरेच निर्बंध सैल झाले असले तरी मंदिरे तेव्हा बंदच होती. त्या महिन्याच्या सुरुवातीला २२ जिल्ह्यांना सवलती मिळाल्या, तेव्हा निर्बंध कायम राहिलेल्या ११ जिल्ह्यांत नगरचाही समावेश होता. त्यामुळे हंडीभोवतीची गर्दी, डीजे आणि मिरवणूक यांचा विचार सोडलेलाच बरा होता.

मुलांबाबत इतकी काळजी का?

मे २०२१ मध्ये नगर जिल्ह्यात १८ वर्षांखालील आठ हजारांहून अधिक मुलांना करोनाची लागण झाली होती. जिल्हा प्रशासनाने ही माहिती दिली, तेव्हा देशभर तिची चर्चा झाली. त्या महिन्यातील एकूण रुग्णांच्या तुलनेत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. यातील बहुतेक मुलांना लक्षणे नव्हती किंवा सौम्य होती.

हा दिलासा होता आणि अडचणही. ज्या मुलाला साधा खोकलाही नाही, ते विषाणू घेऊन घरी आले तर आजी-आजोबांना कळणार कसे? १८ वर्षांवरील सर्वांसाठी लसीकरण मे २०२१ मध्ये खुले झाले. मुलांचे लसीकरण मात्र तेव्हा सुरू झालेले नव्हते.

मग सरळ रद्दच का करू नये?

कारण या मुलांनी आधीच बरेच काही गमावले होते. मार्च २०२० पासून लहान मुलांच्या शाळा बंद होत्या. तेव्हा जे मूल पहिलीत होते, त्याने शाळेच्या पटांगणातला गोपाळकाला पाहिलेलाच नव्हता. गल्लीतली मुले एकमेकांना मोबाइलच्या पडद्यावर जास्त आणि समोरासमोर कमी भेटली होती.

मोठ्यांच्या लग्नांत आणि सभांत गर्दी चालते, मग मुलांच्या सणावरच बंदी का, असा सवाल अनेक पालक करत होते. सवाल रास्त होता. पण मोठ्यांच्या गर्दीला उत्तर म्हणून मुलांची गर्दी करणे, हा त्यावरचा उपाय नव्हता.

धोका नेमका कशात?

पोशाखात नाही आणि उत्सवातही नाही. बंदिस्त जागा, गर्दी आणि जवळून मोठ्याने बोलणे या तीन गोष्टी एकत्र आल्या की संसर्ग वेगाने पसरतो. मानवी मनोऱ्यात तर अंतर ठेवणे शक्यच नसते. त्यानंतर एकाच परातीतला काला हाताने खाणे आणि एकच बासरी पाच मुलांनी वाजवून पाहणे, हेही आलेच. या गोष्टी वगळल्या तर सणातले बरेच काही शिल्लक राहते.

परंपरा अशी बदलता येते का?

२०२१ च्या आषाढीतच ती बदललेली दिसली. मानाच्या दहा पालख्या पायी न जाता एसटी बसने पंढरपूरला गेल्या. त्यात पारनेर तालुक्यातील पिंपळनेरच्या संत निळोबारायांची पालखीही होती. प्रत्येक पालखीसोबत मोजकेच वारकरी होते. वारी खंडित झाली नाही, तिची रीत तेवढी बदलली.

परदेशातही हा प्रश्न आला होता. अमेरिकेत हॅलोवीनला मुले वेगवेगळी सोंगे घेऊन दारोदार खाऊ मागत फिरतात. २०२० मध्ये तिथल्या ‘सीडीसी’ या आरोग्य संस्थेने ही पद्धत जास्त धोक्याच्या यादीत टाकली. खाऊच्या बांधलेल्या पुड्या अंगणाच्या कडेला मांडून ठेवाव्यात आणि मुलांनी लांबूनच उचलाव्यात, हा पर्याय तुलनेने सुरक्षित मानला. काही घरांनी तर लांब पाइपमधून खाऊ घरंगळत सोडला. सोंगाचा मुखवटा म्हणजे मास्क नव्हे, असेही सीडीसीने बजावले होते.

गल्लीत काय करता येईल?

मुलांनी हंडीकडे जाण्याऐवजी हंडीनेच मुलांकडे यावे. प्रत्येक मूल सजून आपापल्या दारात, ओट्यावर किंवा गॅलरीत उभे राहील. लसीचे दोन्ही डोस घेऊन १४ दिवस झालेली दोन मोठी माणसे मास्क लावून सजवलेली हंडी घेऊन गल्लीतून जातील. प्रत्येक घरासमोर सहा फुटांवर दोन मिनिटे थांबतील, मुलाचे कौतुक करतील आणि पुढे जातील. वीस घरांना ४० मिनिटे लागतात. सायंकाळी पाचला सुरुवात केली तर अंधाराच्या आत कार्यक्रम आटोपतो. ज्याला हंडी फोडायची हौस आहे, त्याच्या दारात छोटे मडके टांगावे. त्याचे त्यानेच फोडावे.

जागेप्रमाणे यात फरक करावा लागेल. सावेडी, केडगावकडच्या अपार्टमेंटमध्ये जिना आणि लिफ्ट टाळून हंडी खाली मोकळ्या जागेत फिरवावी आणि मुलांनी गॅलरीतून पाहावे. जुन्या शहरातील अरुंद बोळांत दोन्ही बाजूंची घरे एकाच वेळी घेऊ नयेत. आधी एक बाजू, मग दुसरी. वस्त्यांवर घरे मुळातच लांब असतात. तिथे अडचण अंतराची नाही, श्रावणातल्या पावसाची आहे. त्यामुळे पर्यायी वेळ आधीच ठरवून ठेवावी.

मास्क, मेकअप आणि बासरीचे काय?

केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाच्या जून २०२१ मधील सूचनांनुसार पाच वर्षे व त्याखालील मुलांना मास्क लावायचा नव्हता. सहा ते ११ वर्षांच्या मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली लावायचा, तर १२ वर्षांवरील मुलांनी मोठ्यांप्रमाणेच वापरायचा होता. म्हणजे सर्वांत लहान कृष्णाचे संरक्षण त्याच्या तोंडावरच्या कापडाने होणार नाही. ते इतरांनी राखलेल्या अंतराने होईल.

ड्रेपरीवाल्याकडून पोशाख आणला तर धुऊन, वाळवून घालावा. आईच्या ओढणीचा पितांबर आणि पुठ्ठ्याचा मुकुट केला तर तोही प्रश्न राहत नाही. गंधाची काडी आणि काजळ प्रत्येकाचे वेगळे असावे. बासरी कमरेला खोचलेलीच बरी. आरतीच्या आधी हात साबणाने धुवावेत. सॅनिटायझर ज्वालाग्राही असते, त्यामुळे निरांजनाजवळ ते नको.

काला कसा वाटायचा?

प्रत्येकाची शिदोरी एकत्र करून सर्वांनी खाणे, हाच काल्याचा अर्थ. नेमके तेच त्या वर्षी टाळायचे होते. म्हणून पोहे, दही, काकडी, लोणचे घालून काला घरोघरी करावा आणि एकाच वेळी खावा. वाटून घेण्याचा भाव दुसऱ्या प्रकारे जपता येईल. हंडीसोबत एक खोका फिरवावा. प्रत्येक घराने त्यात कोरडे पोहे, डाळ किंवा गुळाचे पाकीट ठेवावे. दुसऱ्या लाटेत कमावता माणूस गमावलेल्या एखाद्या घरी ते गाजावाजा न करता पोहोचवावे.

ज्या घरात दुःख आहे, तिथे काय करावे?

हे आधीच विचारून ठरवावे. घरात माणूस गेले की वर्षभर सण न करण्याची रीत अनेक कुटुंबे पाळतात. त्या दारापुढे टाळ्या-घोषणा नकोत. पण त्या घरातल्या मुलालाही सजायचे असू शकते. कुटुंबाची हरकत नसेल तर त्याला यादीतून वगळू नये. त्याच्यासाठी हंडी शांतपणे थांबली तरी पुरे.

कधी थांबायचे?

गल्लीत उपचाराधीन रुग्ण असेल तर कार्यक्रम रद्द करावा. एखाद्या मुलाला ताप, सर्दी असेल तर त्याने खिडकीतूनच पाहावे. हा निर्णय घेण्याचा अधिकार आधीच एका व्यक्तीकडे द्यावा, म्हणजे ऐन वेळी वाद होत नाहीत. स्थानिक प्रशासनाचे ताजे आदेश पाहूनच बेत पक्का करावा. मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय फेसबुकवर टाकू नयेत.

दहा दिवसांनी, १० सप्टेंबरला गणेशचतुर्थी होती. तेव्हाही दर्शन आणि आरतीच्या गर्दीचे हेच प्रश्न उभे राहणार होते. गोकुळाष्टमीला जी गल्ली वीस दारांत एक सण नीट पार पाडणार होती, तिला गणपतीत नव्याने शिकावे लागणार नव्हते. मुलांचा आनंद आणि घरातल्या म्हाताऱ्यांचा जीव यांतून एकाची निवड करण्याची वेळ दर वेळी यावीच असे नाही. त्या वर्षी ती टाळणे गल्लीतल्या मोठ्यांच्या हातात होते.