घरबसल्या ऐकण्याची विद्या

सुरत जिल्ह्यातील पलसाणा हे तालुक्याचे गाव आमच्या पुष्कळ वाचकांनी मुंबई-अहमदाबाद हमरस्त्याने जाताना ओझरते पाहिले असेल. भोवताली उसाचे मळे आणि कापड रंगविण्याच्या व छापण्याच्या मिली. मिलींत ओरिसा, बिहार, उत्तर प्रदेश येथील माणसे काम करतात, तशीच आपल्या खानदेशातलीही. आमच्या धर्मग्रामातील एक भगिनी लग्नानंतर तेथे राहतात आणि एका मिलीत हजेरी ठेवण्याचे काम करतात.

हजेरीच्या मेजापाशी माणसे केवळ हजेरीसाठी येत नाहीत, असे त्या सांगतात. कोणाची बायको गावी आजारी, कोणाच्या डोक्यावर लग्नाचे कर्ज, कोणाला बारा तासांची पाळी संपली तरी झोप नाही. रजेची चिठ्ठी पुढे करून माणूस उगाच उभा राहतो. अशा माणसाशी बोलावे कसे, हे रीतसर शिकावे म्हणून त्यांनी समुपदेशनाचा पदव्युत्तर अभ्यास घरून करण्याचे मनात घेतले. नोकरी सुटण्यासारखी नव्हती आणि मूल लहान होते. १९८५ साली स्थापन झालेल्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या मानसशास्त्राच्या एम. ए.ला कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकत असे. दुसऱ्या वर्षी समुपदेशनाची शाखा निवडता येई. अभ्यास घरी, पण प्रात्यक्षिक मात्र मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली, अशी ती योजना होती.

२०२४ च्या मे महिन्यात त्या माहेरी आल्या तेव्हा मिस्सेनंतर आम्हाला भेटल्या. विषय निघताच आम्ही सांगून मोकळे झालो, “एवढी घाई कशाला? मूल शाळेत जाऊ द्या. अभ्यास काय, पुढल्या वर्षीही होईल.” त्या “बरे, फादर” म्हणाल्या आणि गेल्या.

पुढल्या वर्षी तो झाला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र, पोषणशास्त्र आदी विषयांचे दूरस्थ व ऑनलाइन शिक्षण बंद केले. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्याखाली जे विषय येतात, ते प्रत्यक्ष वर्गातच शिकवावेत, असा हा निर्णय आहे. त्या कायद्याच्या यादीत समुपदेशकही आहे.

हा निर्णय आम्हाला अर्धाच पटतो. दुखावलेल्या मनाला हात लावणारा माणूस केवळ छापील धडे वाचून तयार व्हावा, असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. मराठीत आपण या विद्येला ‘समुपदेशन’ हे नाव देऊन थोडी चूकच केली, असे आम्हाला वाटते. त्यात ‘उपदेश’ ठाण मांडून बसला आहे, आणि शिकायचे असते ते नेमके उपदेश आवरणे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४२ च्या आपल्या ग्रंथात एका रुग्णाच्या सर्व भेटींचे संभाषण ध्वनिमुद्रणावरून शब्दशः छापले. आपण कोठे मध्येच बोललो, कोणता प्रश्न आपल्याच कुतूहलासाठी विचारला, हे शिकणाऱ्याला त्यामुळे डोळ्यांनी दिसू लागले. अशी चूक दाखविणारा अनुभवी माणूस शेजारी असावा लागतो.

परंतु रॉजर्स वाचण्यासाठी, मनाच्या व्याधींची लक्षणे अभ्यासण्यासाठी वर्गात बसलेच पाहिजे काय? सिद्धांत घरी आणि प्रात्यक्षिक रविवारी केंद्रावर, अशी कडक व्यवस्था करता आली नसती काय? दिवसाचे महाविद्यालय ज्याला परवडते तोच आता ही विद्या शिकणार, आणि मिलीच्या मेजाशी बसणारा बाहेर राहणार. शिवाय थोड्या आठवड्यांत ‘समुपदेशक’ करून देण्याच्या जाहिराती आहेतच. पैसे भरण्यापूर्वी त्या अभ्यासक्रमाला मान्यता कोणाची, हे वाचकांनी अवश्य पाहावे.

गेल्या नाताळात त्या पुन्हा भेटल्या. आम्ही ओशाळून क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, “फादर, प्रवेशाचे राहू द्या. त्या दिवशी मी दुसरेच सांगायला आले होते. तुम्ही विचारले असते तर सांगितले असते.” मग त्यांनी सांगितले. एक तरुण कामगार तीन दिवस ओळीने त्यांच्या मेजापाशी येऊन उभा राही. त्यांना काम होते. त्यांनी त्याला धीराच्या चार गोष्टी ऐकवून परत पाठविले. चौथ्या दिवशी तो पगारही न घेता निघून गेला. कोठे, ते मिलीत कोणालाच ठाऊक नाही.

सेमिनरीत आम्ही पापनिवेदन ऐकण्याचे नियम पाठ केले होते, आणि मिस्सेच्या दारात उभ्या असलेल्या बाईचे एक वाक्यही पुरते ऐकले नव्हते. या वेळी आम्ही तासभर गप्प बसलो. मध्ये दोनदा सल्ला ओठांवर आला, तो गिळला.

सध्या त्यांनी मेजावरील काचेखाली १४४१६ हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे. सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा तो क्रमांक. हिंदी, गुजराती, मराठी आदी भाषांतून तेथे विनामूल्य बोलता येते. जूनमध्ये सुरतेच्या महाविद्यालयांत चौकशी करावी, असा त्यांचा विचार आहे. नवरा पाळी बदलून घ्यायला तयार आहे. दुपारी सुटी द्यावी की नाही, याचे उत्तर मिलीच्या मालकांकडून अद्याप आलेले नाही.