तात्यांच्या मागे राहिलेली कामे

वाचकहो, या अंकात एखाद्या आजाराविषयी न लिहिता एका माणसाविषयी लिहावे, असे मनात आहे. डॉक्टरच्या लेखणीतून उतरणारा माणूस थोडा आजार आणि थोडी औषधे बरोबर घेऊनच येतो, हे आपण समजून घ्याल. कुटुंबाच्या अनुमतीने लिहीत आहे, नाव मात्र सांगत नाही. घरात आणि आळीत सगळे त्यांना तात्या म्हणत, तेवढे पुरे.

तात्यांचा जन्म १९३२ सालचा. एस.टी.त पस्तीस वर्षे कंडक्टर म्हणून नोकरी करून ते १९९० साली निवृत्त झाले. मी १९९७ साली कराडात दवाखाना थाटला, त्या पहिल्या महिन्यातच ते आले. पण स्वतःसाठी नव्हे, माईंना, म्हणजे पत्नीला, घेऊन. माईंचा रक्तदाब वाढलेला होता. मी गोळी लिहून दिली. पुढच्या खेपेस तात्यांनी एक वही समोर ठेवली. तारीख, वेळ, गोळी, रक्तदाब असे आखलेले रकाने आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी त्यांची छोटी सही. जन्मभर वे-बिल भरलेल्या हाताने माईंच्या प्रकृतीचेही वे-बिल सुरू केले होते. त्या वहीच्या पुढे किती वह्या झाल्या, याची गणती मी ठेवली नाही.

सत्तावीस वर्षांत तात्या स्वतःच्या दुखण्यासाठी क्वचितच आले. कधी नातवाचा ताप, कधी सूनबाईंची कंबरदुखी, कधी शेजारच्या एकट्या म्हातारीला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी न्यायचे म्हणून चिठ्ठी, अशा कामांनी ते येत. बाकावर बसताना आपला नंबर मागे ठेवून कडेवर मूल असलेल्या बाईला पुढे पाठवीत. स्वतःविषयी विचारले की म्हणत, ‘‘आमची गाडी वेळेवर आहे.’’

ही गाडी गेल्या वर्षी मार्गशीर्षात थांबली. वय ब्याण्णव. हृदय थकत आलेले होते. रुग्णालयात नेऊन नळ्या लावायच्या नाहीत, हे त्यांनी शुद्धीत असताना मुलाला आणि मला स्पष्ट सांगितले होते. शेवटचे तीन आठवडे ते अंथरुणावर होते. मी जवळजवळ रोज जात असे. एका पहाटे, घरातली सगळी माणसे भोवती असताना, ते शांतपणे गेले.

विसाव्या दिवशी सूनबाई दवाखान्यात आल्या. झोप नाही, छातीत धडधड. तपासणीत विशेष काही आढळले नाही. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, डोळे मिटले की तो शेवटचा आठवडाच दिसतो. त्यांचा तो घरघरणारा श्वास. शेवटचे तीन दिवस त्यांनी घास घेतला नाही. मी त्यांना उपाशी ठेवलं का हो?’’

हा प्रश्न मी अनेक घरांत ऐकला आहे, आणि तो बहुधा सर्वांत अधिक सेवा करणाऱ्या व्यक्तीच्याच तोंडी असतो. म्हणून त्यांना दिलेले उत्तर आपल्यासाठीही लिहितो. मृत्यू जवळ आला की शरीराची अन्नाची गरज कमी होते. भूक आणि तहान मंदावतात. अशा वेळी आग्रहाने भरविलेला घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. ओठ आणि तोंड ओल्या कापसाने पुसत राहणे हीच तेव्हा योग्य सेवा असते, आणि सूनबाईंनी ती केली होती. घशातील घरघर ऐकणाऱ्याला असह्य वाटते. परंतु ती साचलेल्या स्रावामुळे होते आणि तोपर्यंत ग्लानीत गेलेल्या रुग्णाला तिचा त्रास जाणवत नसावा, असे वैद्यकशास्त्र मानते. श्वास मधूनच थांबून पुन्हा सुरू होणे, हेही त्या अवस्थेचे लक्षण आहे. मी त्यांना म्हटले, ‘‘तात्या न खाल्ल्यामुळे गेले नाहीत. ते निघाले होते, म्हणून त्यांचे खाणे थांबले.’’ त्या बराच वेळ रडल्या. ते रडणेही आवश्यक होते.

निघताना मी विचारले, ‘‘माई कशा आहेत?’’

‘‘गप्प असतात. डोकं जड आहे म्हणतात. दुःखच आहे, म्हणून आम्ही काही बोललो नाही.’’

संध्याकाळी मी घरी गेलो. माईंचा रक्तदाब १९० वर १०४ निघाला. मी वही मागितली. शेवटची नोंद तात्या अंथरुणाला खिळले त्याच्या आदल्या दिवसाची होती. पुढची पाने कोरी. माईंनी सांगितले, ‘‘सकाळचा चहा झाला की ते गोळी माझ्या हातावर ठेवायचे. मला तिचं नावही ठाऊक नाही.’’

वाचकहो, या कोऱ्या पानांचा दोष मी घरच्यांना देत नाही. त्या तीन आठवड्यांत मी स्वतः त्या खोलीत रोज बसलो. तात्यांची नाडी पाहिली, त्यांचे पाय पाहिले. पण पलंगाच्या उशाशी बसलेल्या शहाऐंशी वर्षांच्या माईंच्या दंडाला एकदाही पट्टा बांधला नाही. बाराव्या दिवशी जाऊन चहा घेऊन आलो, तेव्हाही नाही. माझ्या डोळ्यांसमोर एकच रुग्ण होता. माईंना पक्षाघात झाला नाही, हे आमचे सुदैव. माझ्या दक्षतेचे श्रेय त्यात काहीही नाही.

दीर्घ सहजीवनानंतर मागे राहिलेल्या जोडीदाराला पहिल्या काही महिन्यांत आजाराचा आणि मृत्यूचाही धोका वाढतो, हे अनेक देशांतील अभ्यासांत दिसून आले आहे. त्याची कारणे केवळ भावनिक नसतात. तीव्र दुःखाच्या धक्क्याने हृदयाचा स्नायू तात्पुरता दुर्बल होऊ शकतो. १९९० साली जपानी डॉक्टरांनी वर्णन केलेला हा विकार उतारवयातील स्त्रियांत अधिक आढळतो आणि त्याची लक्षणे हृदयविकाराच्या झटक्यासारखीच असतात. परंतु बहुतेक घरांत जे घडते ते याहून साधे असते. रक्तदाबाची गोळी चुकते. सुतकाच्या दिवसांत जेवण नीट होत नाही, पण मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन नेहमीच्याच प्रमाणात घेतले जाते आणि रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. पाणी कमी प्यायले जाते. आणि प्रत्येक तक्रार ‘दुःखच आहे’ म्हणून सोडून दिली जाते. छातीत दुखणे, धाप, बोलताना जीभ जड होणे, एकाएकी गोंधळल्यासारखे वागणे यांपैकी काहीही दिसल्यास ते दुःख समजू नये. त्याच क्षणी डॉक्टरांना गाठावे.

मासिक श्राद्धाच्या दिवशी मी पुन्हा गेलो. जेवणे झाल्यावर सगळे बसले होते आणि बोलणे फिरून त्या शेवटच्या आठवड्यावरच येत होते. मी सुचविले, ‘‘आज प्रत्येकाने तात्यांचे एक रोजचे काम सांगावे.’’

प्रथम कोणी बोलेना. मग मुलाने, जो आता स्वतः साठीपुढे आहे, एक जुनी गोष्ट काढली. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. कोयनेचा भूकंप. तात्या पाटणच्या बाजूला मुक्कामी गाडीवर होते. घरात माई आणि लहान मुले अंगणात थंडीत बसून. दुपारी तात्या, काही अंतर पायी आणि काही मिळेल त्या वाहनाने, घरी पोहोचले. त्यांनी आधी एकेका मुलाच्या डोक्यावर हात ठेवून मोजणी केली, प्रवासी मोजावेत तशी, आणि मगच खाली बसले. नात म्हणाली, ‘‘ती मोजणी शेवटपर्यंत होती. रात्री सगळे घरात आल्याशिवाय कडी लावायचे नाहीत.’’

मग ओघ लागला. सूनबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूला एकेक काम लिहून घेतले. माईंची गोळी. माईंना बारीक अक्षर दिसत नाही म्हणून वर्तमानपत्र मोठ्याने वाचणे. निजण्यापूर्वी गॅसचे बटण पाहणे. सांगलीला दिलेल्या लेकीला दर गुरुवारी फोन. शेजारच्या आजींची विचारपूस. यादी वाढत गेली तशी घरातली माणसे हसूही लागली. ब्याण्णव वर्षांचा माणूस त्या तीन आठवड्यांतून बाहेर येऊन पुन्हा घरभर वावरू लागला होता. शेवटी प्रत्येक कामापुढे एकेकाचे नाव लिहिले गेले.

आपल्या घरात असा वियोग झाला असेल, तर मीही आपल्याला हेच सुचवीन. प्रेमळ माणसाचे प्रेम बहुधा अशा न दिसणाऱ्या कामांतच असते. ती शोधून वाटून घ्यावीत. मागे राहिलेल्या जोडीदाराची औषधे पहिल्याच दिवशी कोणीतरी आपल्या हाती घ्यावीत आणि तेरा दिवसांच्या आत एकदा रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. दुःख ओसरण्यास काही महिने लागतात, ते स्वाभाविक आहे. मात्र वर्ष उलटूनही रोजचे जगणे ठप्पच राहिले, किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलणे केव्हाही कानी आले, तर मदत घ्यावी. टेलिमानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

आणि घरातील ज्येष्ठांनो, आपण जी कामे मूकपणे करीत आला आहात, ती एकदा कोणाला तरी दाखवून ठेवा. आपली स्वतःची गोळी कोणती, तिचे नाव काय, हेही विचारून घ्या.

गेल्या आठवड्यात माईंचा रक्तदाब १३८ वर ८० होता. पुण्यातला नातू रोज साडेआठला फोन करून आठवण देतो. वही पुन्हा सुरू झाली आहे. अक्षर आता नातीचे. मी गोळीचे नाव विचारले, तर माईंनी ते बिनचूक सांगितले आणि मग सही करण्यासाठी वही आपल्याकडे ओढून घेतली.