तलाव खोल करा, पण काठ सोडून

सानगडीच्या शिवारातला तलाव असो, नाहीतर नवेगावच्या जंगलाकडली एखादी बोडी, गाळ साचला की एकच उपाय सुचतो: जेसीबी लावा, खोल करा. तसा ठराव ग्रामसभेत आला तर हात वर करण्याआधी एवढं विचारा, की काठाचं काय करणार?

हे तलाव आपल्याला आयते मिळालेले नाहीत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने पाळी, म्हणजे मातीचे बांध, घातल्या. सात बहिणींच्या डोंगरांत नवेगावबांध अडवणाऱ्या कोलू पाटील कोहळींचं नाव अजून घेतलं जातं. जंगलातून उतरणारं पाणी एका तलावात भरायचं आणि सांडव्यावरून खालच्या तलावात जायचं. 1951 च्या सुमारास मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, तलाव सरकारचे झाले, पुढे पाणीपट्टी आली. गावाचा निस्तार, म्हणजे पाणी वापरायचा वहिवाटीचा हक्क, सुटला तशी पाळीची राखणही सुटली. पूर्व विदर्भातले सहा हजारांवर 'मामा' (माजी मालगुजारी) तलाव आज फायलीत माजी आहेत आणि गावातही माजीच होत चाललेत.

आता काठाकडे बघा. उतरता, उथळ काठ म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे. तिथेच देवधान उगवतं, पाणवनस्पतींच्या आडोशाला देशी मासा अंडी घालतो, सारस घरट्याला जागा शोधतो. सगळा तलाव सरळ कडांचा खड्डा केला की पाणी दिसतं खरं, पण मासा राहत नाही. मग रोहू-कतल्याचं बीज दरवर्षी विकत आणायचं. ज्या काठाला अजून कुणी हात लावलेला नाही, तिथे बेशरम माजलेली. (झाडाला नाव अगदी शोभतं.)

यावरचा इलाज इथलेच लोक जाणतात. अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि ढिवर मच्छीमारांनी बेशरम मुळासकट उपटली, उघड्या तळात देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. कुठल्या माशाला कुठली वनस्पती लागते, हे ढिवरांना तोंडपाठ आहे. आणि तलावाचं अंदाजपत्रक मांडताना त्यांनाच कुणी विचारत नाही!

म्हणून ठरावात लिहून घ्या: गाळ खोल भागातलाच निघेल आणि गावच्या बांधीत पडेल, काठाचा उतार मोडणार नाही, बेशरम पावसाळ्याआधी रोजगार हमीतून उपटली जाईल, लागवड ढिवर सांगतील तशी होईल. तलाव जंगलात असेल तर वनहक्क कायदा, 2006 हातात घ्या. मासे आणि पाण्यातल्या इतर उपजांवरचा सामूहिक हक्क त्यात नोंदलेला आहे. दावा ग्रामसभेनेच करायचा असतो.

ग्रामसभेला बाया आणि ढिवरटोलीतली माणसं आल्याशिवाय ठराव वाचायला घेऊ देऊ नका. मोजणी झाली, की काठावर खुंट्या ठोका आणि मशीनवाल्याला त्या आधी दाखवा.